आयर्विन पुलावरची पातळी आणि स्प्रेडशीटमधली सरळ रेषा

प्रति,
मा. संपादक,
यांस सादर.

विषय : पूरकाळात मोबाईलवर फिरणारे पाणीपातळीचे अंदाज आणि ते काढण्याची रीत

महोदय,

कृष्णेचे पाणी पात्राबाहेर पडू लागले की सांगलीत पाऊस, धरणांतला विसर्ग आणि आयर्विन पुलाजवळची पातळी यांखेरीज दुसरे बोलणे होत नाही. गेल्या काही पावसाळ्यांत या बोलण्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे, ती म्हणजे कुणीतरी एक्सेलमध्ये काढून गटागटांवर पाठवलेला अंदाज. ‘सध्याच्या वेगाने उद्या पहाटेपर्यंत पातळी अमुक फूट’ असे एक ठाम वाक्य त्यात असते, सोबत तक्त्याचे छायाचित्र असते आणि त्या तक्त्यातून वर चढत गेलेली एक सरळ रेषा असते. कुठल्या फुटाला पाणी कुठल्या प्लॉटात शिरते हे नदीकाठच्या घरांना पाठ असल्यामुळे त्या आकड्यावर माणसे सामान माडीवर चढवायचे की नाही, जनावरे हलवायची की नाही हे ठरवतात. म्हणून त्या आकड्यामागचे गणित नेमके काय करते आणि काय करत नाही, हे आपल्या दैनिकाच्या वाचकांपुढे एकदा सविस्तर मांडावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आरंभीच स्पष्ट करतो की सामान्य माणसाने असा हिशेब करूच नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याची सगळी नोकरी संख्याशास्त्र शिकवण्यात सरली त्याला लोक आपणहून आकडे मांडू लागल्याचा आनंदच व्हायचा. माझी हरकत एवढीच आहे की स्प्रेडशीटला जो प्रश्न विचारला जातो तो नदीचा नसून घड्याळाचा असतो, आणि त्याचे उत्तर मात्र नदीच्या नावावर खपते.

हे अंदाज बहुतेक वेळा ‘फोरकास्ट’ नावाच्या फंक्शनने काढलेले असतात. एक्सेलच्या २०१६ च्या आवृत्तीपासून त्याचे नाव ‘फोरकास्ट.लिनियर’ असे झाले आहे. जुने नावही चालते आणि गुगल शीट्स व लिब्रेऑफिस कॅल्क यांतही हीच सोय आहे. या फंक्शनला तीन गोष्टी द्याव्या लागतात : ज्या क्षणाची किंवा ज्या मूल्याची पातळी हवी ते मूल्य, मग आजवर मोजलेल्या पातळ्यांचा रकाना आणि शेवटी त्या पातळ्या ज्या मूल्यांशी जोडायच्या त्यांचा, म्हणजे सहसा वेळेचा, रकाना. फंक्शन या बिंदूंमधून एक सरळ रेषा अशा बेताने बसवते की प्रत्येक बिंदूचे रेषेपासूनचे उभे अंतर घेऊन त्याचा वर्ग केला आणि सगळ्या वर्गांची बेरीज केली, तर ती कमीत कमी यावी. ही लघुतम वर्ग पद्धत लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ मध्ये आणि गाउस या जर्मन गणितज्ञाने १८०९ मध्ये प्रसिद्ध केली. दोघांपुढेही प्रश्न आकाशस्थ गोलांच्या कक्षांचा होता. तिथे मार्गाचा आकार आधीपासून ठाऊक होता, निरीक्षणांतल्या चुका तेवढ्या निस्तरायच्या होत्या. आपल्याकडे नेमके उलटे घडते : नदी कोणत्या आकाराने चढणार हेच ठाऊक नसते, आणि फंक्शन मात्र ती सरळ रेषेतच चढणार असे मुकाट्याने गृहीत धरते.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही वर्षीच्या पुराचे नाहीत. समजा, दर तीन तासांनी घेतलेल्या पाच नोंदी अशा आहेत : शून्य तासाला ३४.० फूट, तिसऱ्या तासाला ३६.०, सहाव्या तासाला ३७.६, नवव्या तासाला ३८.८ आणि बाराव्या तासाला ३९.६. वेळेची सरासरी ६ तास आणि पातळीची सरासरी ३७.२ फूट येते. प्रत्येक नोंदीचे या दोन सरासऱ्यांपासूनचे फरक काढून एकमेकांना गुणले की बेरीज ४२ येते. वेळेच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ९० येते. ४२ ला ९० ने भागले म्हणजे रेषेचा चढ मिळतो, तो तासाला सुमारे ०.४७ फूट. त्यावरून रेषेची सुरुवात ३४.४ फुटांवर येते आणि चोविसाव्या तासाचा अंदाज निघतो ४५.६ फूट. आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. अर्थात ‘चोवीस तासांच्या आत धोका पातळी ओलांडणार’ असा संदेश गावभर जातो.

आता तेच पाच आकडे पुन्हा वाचून पाहावेत. पहिल्या तीन तासांत पाणी २ फूट चढले, पुढच्या तीन तासांत १.६, नंतर १.२ आणि शेवटी ०.८. चढ दर वेळी ०.४ फुटाने कमी होत आहे. हीच चाल राहिली तर पंधराव्या तासाला पातळी ४० फुटांवर येईल आणि तिथेच थबकेल. म्हणजे आकडे पाणी ओसरण्याच्या बेतात आहे असे सांगत असताना त्याच आकड्यांतून काढलेली रेषा साडेपाच फूट वरचा पूर दाखवते. अधिक गमतीची गोष्ट अशी की बाराव्या तासाला रेषेवरचे मूल्य ४०.० फूट येते, प्रत्यक्ष नोंद ३९.६ आहे, भविष्य सोडाच, समोर लिहिलेल्या शेवटच्या नोंदीशीही रेषेचे जुळत नाही.

इथे जाणकार वाचक विचारतील की रेषा किती चांगली बसली हे सांगणारा आकडाही स्प्रेडशीट देते, तो पाहिला असता तर चूक कळली नसती का. नसती. ‘आरएसक्यू’ हे फंक्शन वापरले तर या उदाहरणात उत्तर ०.९७ येते, आणि १ म्हणजे अचूक असे शिकलेल्या माणसाला ०.९७ पाहून हायसेच वाटते. पण या आकड्याला फक्त एवढेच कळते की पातळीतला बहुतेक फरक चढत्या रेषेने टिपला आहे; बिंदू रेषेभोवती कसेही विखुरलेले आहेत की कमानीसारखे वाकलेले आहेत, हा भेद त्याला दिसत नाही. तो भेद पाहायचा असेल तर प्रत्येक नोंद आणि रेषेवरचे मूल्य यांतली तफावत वेगळ्या रकान्यात मांडावी लागते. वरच्या उदाहरणात ती क्रमाने उणे ०.४, अधिक ०.२, अधिक ०.४, अधिक ०.२ आणि उणे ०.४ अशी येते. टोकांना उणे आणि मध्ये अधिक, ही कमान डोळ्यांना लगेच जाणवते. तफावतींत असा आकार दिसला की रेषा पुढे ओढू नये, एवढे एकच पथ्य पाळले तरी निम्म्याहून अधिक संदेश पाठवण्याआधीच थांबतील, असे मला वाटते.

फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच दाखवण्यासाठी प्रत्येकी अकरा बिंदूंचे चार संच रचले होते. चारही संचांची सरासरी तीच, रेषा तीच (३ पासून सुरू होऊन ०.५ च्या चढाने जाणारी), जुळणीचा आकडाही तोच, सुमारे ०.६७. आलेख काढले की मात्र एक संच साध्या विखुरलेल्या बिंदूंचा निघतो, दुसरा स्वच्छ कमानीचा, तिसऱ्यात एका चुकार बिंदूने रेषा तिरकी केलेली असते आणि चौथ्यात तर एक बिंदू वगळता सगळे एकाच उभ्या ओळीत असतात. पुराचा चढ उतरणीला लागताना जो आकार घेतो तो यांतल्या दुसऱ्या संचाच्या जातीचा. आलेख न काढता ‘फोरकास्ट’ वापरणाऱ्याला हे चार संच एकसारखेच दिसतात.

उदाहरणातली चूक लोकांना विनाकारण घाबरवणारी होती. याहून वाईट चूक उलट्या बाजूची आहे आणि तिच्याविषयी कुणी बोलत नाही. पाणी नुकतेच चढू लागले असताना पाच नोंदी समजा ३०.०, ३०.४, ३१.२, ३२.४ आणि ३४.० फूट अशा आल्या. चढ वाढत चालला आहे, दर तीन तासांना ०.४ फुटाने. फंक्शन मात्र तासाला एक तृतीयांश फुटाचा सरासरी चढ काढते आणि चोविसाव्या तासासाठी ३७.६ फूट सांगते, म्हणजे इशारा पातळीच्याही खाली. चाल तशीच वाढती राहिली तर चोविसाव्या तासाला पातळी ४४.४ फूट होईल. जवळजवळ सात फुटांचा हा फरक म्हणजे झोपायला हरकत नाही असे समजून दार लावून घेतलेल्या घराचा उंबरठा ओलांडणारे पाणी होय. घाबरवणारा अंदाज चुकला तर लोक दुसऱ्या दिवशी हसतात. धीर देणारा चुकला तर हसायला कुणी उरत नाही.

पातळी वेळेच्या सरळ प्रमाणात का चढत नाही, याची कारणे नदीकाठच्या माणसाला सांगावी लागत नाहीत, पण ती तक्त्यात कुठे येत नाहीत हे सांगायला हवे. पात्र काठोकाठ असेपर्यंत ठरावीक पाण्याने जेवढी पातळी वाढते, तेवढी ते पाणी मळीच्या रानात, उसात आणि वस्त्यांत पसरू लागल्यावर वाढत नाही. पुढच्या प्रत्येक फुटाला आधीच्यापेक्षा जास्त पाणी लागते. कोयनेचे दरवाजे किती फुटांनी उचलले किंवा खाली घेतले, हे घड्याळाला ठाऊक नसते. शिवाय सांगलीची पातळी केवळ वरून येणाऱ्या पाण्यावर ठरत नाही. शहराच्या लगेच खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. या दोन्ही नद्या भरून वाहत असल्या की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही आणि फुगवटा मागे सांगलीपर्यंत येतो. कराडला पाणी उतरत असतानाही आयर्विनची पातळी हलत नाही, असे जे कधी कधी घडते त्यात या फुगवट्याचा मोठा वाटा असतो. एवढ्या सगळ्या गोष्टींच्या जागी ‘तास’ नावाचा एकच रकाना ठेवून उत्तर मागितले तर उत्तर येणारच, कारण फंक्शनला नाही म्हणता येत नाही.

मग हे फंक्शन टाकाऊ आहे का? मुळीच नाही. वेळेऐवजी वरच्या पुलाची पातळी दिली की तेच फंक्शन कामाचे ठरते, आणि माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा हाच आहे. कराडला प्रीतिसंगमावर कोयनेचे पाणी कृष्णेत आले की ते बहे, ताकारी, भिलवडी असे पूल ओलांडून सांगलीला येते. पूरकाळात या पुलांजवळच्या पातळ्या प्रशासनाकडून जाहीर होतात आणि आपल्या दैनिकातही छापून येतात. भिलवडीची अमुक वेळची पातळी आणि तिथले पाणी सांगलीला पोहोचायला लागणारे तास मोजून त्यानंतरची आयर्विनची पातळी, अशा जोड्या लावल्या तर दोन्ही रकाने नदीचे होतात. दरवाजे उचलल्याचा, पावसाचा, मधल्या रानात पाणी पसरल्याचा परिणाम वरच्या पुलाच्या पातळीत बराचसा आधीच उतरलेला असतो. दोन पुलांवरच्या मोजपट्ट्यांचे शून्य वेगवेगळ्या उंचीवर असले तरी बिघडत नाही, कारण रेषेची सुरुवात आणि चढ तो फरक पोटात घेतात. मात्र एका रकान्यातल्या सगळ्या नोंदी एकाच मोजपट्टीवरच्या असायला हव्यात.

पाणी पोहोचायला लागणारा वेळ ऐकीव माहितीवरून घेऊ नये. मागच्या पुराच्या नोंदी हाताशी असतील तर एक रकाना तीन-तीन तासांनी खाली सरकवत ‘कोरेल’ या फंक्शनने प्रत्येक वेळी सहसंबंध, म्हणजे दोन रकाने किती बरोबरीने वर-खाली होतात याचे माप, काढावा आणि तो सर्वांत जास्त येईल ते अंतर धरावे. यात एक सावधगिरी आहे. नुसत्या चढतीच्या नोंदी घेतल्या तर दोन्ही रकाने वाढतच असल्यामुळे कोणत्याही अंतराला सहसंबंध चांगलाच दिसतो. म्हणून ज्या नोंदींत चढ, माथा आणि उतार तिन्ही आहेत त्याच घ्याव्यात. वरच्या पुलावरचा माथा आणि सांगलीचा माथा यांच्या वेळांतले अंतर पाहिले तरी तोच अंदाज येतो, आणि ते पाहायला फंक्शनचीही गरज नसते. रेषा बसवताना मात्र चढतीची वेगळी आणि उतरतीची वेगळी बसवावी, कारण पाणी चढताना व उतरताना दोन पुलांमधले नाते तेच राहत नाही.

इथे दोन मर्यादा आहेत. पहिली, भिलवडीचे पाणी जेवढ्या तासांत सांगलीला येते तेवढ्याच तासांपुरते या रीतीने पाहता येते. त्यापलीकडचे पाहायचे तर वरचा पाऊस आणि धरणांतला विसर्ग यांचे गणित लागते, आणि ते काम केंद्रीय जल आयोगाचे व जलसंपदा विभागाचे आहे, घरच्या संगणकाचे नाही. दुसरी, ‘फोरकास्ट’ला एकच कारण देता येते. ब्रह्मनाळजवळ मिळणारी येरळा किंवा खालून फुगवटा आणणारी वारणा हिशेबात घ्यायची असेल तर ‘ट्रेंड’ किंवा ‘लाइनेस्ट’ ही फंक्शने वापरावी लागतात. त्यांना एकापेक्षा अधिक रकाने कारण म्हणून चालतात. नोंदी थोड्या आणि रकाने जास्त असा प्रकार मात्र करू नये. पाच नोंदींना चार कारणे लावली तर रेषा प्रत्येक बिंदूतून हटकून जाईल आणि अंदाज तरीही निरुपयोगी निघेल.

नोंदी भरतानाच्या चुकांवर थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडचा सर्वांत मोठा घोटाळा मला तिथे दिसतो. आयर्विनची पातळी फूट आणि इंचांत जाहीर होते. ‘३७ फूट ६ इंच’ ही नोंद पुष्कळ जण तक्त्यात ३७.६ अशी भरतात. सहा इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणून ती ३७.५ हवी. ही चूक किरकोळ वाटेल, पण ‘३९ फूट ११ इंच’ ३९.११ अशी भरली की तक्त्याच्या दृष्टीने ती ३९.२ पेक्षा, म्हणजे त्याच रीतीने भरलेल्या ‘३९ फूट २ इंच’ या नोंदीपेक्षा, लहान ठरते. पाणी नऊ इंच चढलेले असताना रेषेला ते उतरल्यासारखे दिसते. याहून कठीण गोष्ट म्हणजे १० इंच आणि १ इंच : ३९.१० आणि ३९.१ यांत स्प्रेडशीटला काहीच फरक दिसत नाही. यावर उपाय सोपा आहे. फूट एका रकान्यात, इंच दुसऱ्या रकान्यात आणि तिसऱ्या रकान्यात फूट अधिक इंच भागिले बारा. फंक्शनला हा तिसरा रकानाच द्यावा.

वेळेच्या रकान्यातही अशीच फसगत होते. एक्सेल तारीख-वेळ ही दिवसांच्या संख्येच्या रूपात साठवते. त्यामुळे रेषेचा चढ तासाला नव्हे, दिवसाला इतका असा येतो आणि तो तासाचा समजून पुढे पाठवला जातो. तारीख न लिहिता नुसती वेळ भरली तर रात्री अकरानंतर एक वाजताची नोंद तक्त्यात अकराच्या बावीस तास आधीची ठरते, आणि पुराच्या सगळ्यांत महत्त्वाच्या, म्हणजे मध्यरात्रीच्या नोंदींनी रेषा उलटी फिरते. नोंदी कधी तासाने, कधी चार तासांनी आलेल्या असताना वेळेच्या जागी १, २, ३ असे अनुक्रमांक घालणे हाही नेहमीचा प्रकार. काही जण तर फंक्शनही वापरत नाहीत. पातळ्यांचे सेल निवडून कोपरा धरून खाली ओढतात आणि एक्सेल पुढचे आकडे भरून देते. हे आकडेही त्याच सरळ रेषेचे असतात, फक्त ओढणाऱ्याला ते माहीत नसते.

फंक्शनला दोन्ही रकान्यांतल्या नोंदींची संख्या सारखी मिळाली नाही तर ते चूक दाखवते. कारणाच्या रकान्यात सगळे आकडे एकच असतील तर शून्याने भागल्याची चूक दाखवते. रकान्यांचा क्रम उलटा झाला तर मात्र ते काही तक्रार करत नाही. वरच्या पहिल्या उदाहरणात वेळ आणि पातळी यांची अदलाबदल केली तर उत्तर उणे २१.५ येते आणि निदान ते पाहून कुणीही थांबेल. पण दोन्ही रकाने पातळीचेच असले, एक भिलवडीचा आणि एक सांगलीचा, तर उलट क्रमाचे उत्तरही फुटांतच येईल, पटण्यासारखे येईल आणि चुकीचे असेल. म्हणून वरच्या पुलाच्या पातळीने हिशेब करणाऱ्याने पहिल्या रकान्यात आयर्विन आणि दुसऱ्यात वरचा पूल आहे ना, हे दोनदा तपासावे.

आता अंदाज किती मागेपुढे होऊ शकतो, हे सांगणाऱ्या अंतराविषयी. खटाव तालुक्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे जगभर ओळखले गेले ते शेतीच्या नमुना पाहणीच्या शास्त्रामुळे. थोड्या शेतांतली कापणी मोजून साऱ्या जिल्ह्याच्या पिकाचा अंदाज काढायचा आणि तो अंदाज किती चुकू शकतो तेही त्याच नोंदींतून सांगायचे, हा त्या शास्त्राचा कणा आहे. शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाने ज्या विषयात नाव काढले, त्या विषयाचा हा पहिला धडा आपण पूरकाळात पाळत नाही. एक आकडा सांगितला की आपले काम झाले असे वाटते, आणि त्यातही दशांश चिन्हानंतरचा एखादा अंक असला तर तो अधिक खरा वाटतो.

स्प्रेडशीटमध्ये ‘एसटीईवायएक्स’ हे फंक्शन रेषेभोवतीची प्रमाण त्रुटी, म्हणजे नोंदी रेषेपासून साधारण किती दूर पडतात याचे माप, देते. आपल्या पहिल्या उदाहरणात ती ०.४३ फूट येते. ‘४५.६ फूट, अधिक-उणे अर्धा फूट’ असे लिहायचा मोह इथे होतो, पण ते बरोबर नाही. ती त्रुटी मोजलेल्या नोंदींच्या परिसरातली आहे. शून्य ते बारा तासांच्या नोंदींवरून चोविसाव्या तासाचा अंदाज काढायचा तर आपण नोंदींच्या मध्यापासून अठरा तास दूर गेलेलो असतो, आणि जितके दूर जावे तितकी त्रुटी फुगत जाते. सूत्राने हिशेब केला तर ती ०.९५ फूट होते, आणि पाचच नोंदी असल्यामुळे पंच्याण्णव टक्के खात्रीचे अंतर घ्यायचे तर तिला ३.१८ ने गुणावे लागते. म्हणजे प्रामाणिक उत्तर ‘४२.६ ते ४८.६ फूट’ असे आहे. इशारा पातळीच्या थोडे वरपासून धोका पातळीच्या साडेतीन फूट वरपर्यंतचे हे अंतर पाहिल्यावर तो संदेश पाठवण्यासारखा राहतो का, हे पाठवणाऱ्याने ठरवावे. आणि एवढे रुंद अंतरही रेषा सरळच आहे या गृहीतकावर उभे आहे. नोंदींतली कमान जो ४० फुटांचा माथा सुचवते, तो या अंतरात येतच नाही. त्यात पुन्हा तासातासाच्या पातळ्या एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, आधीच्या तासाची पातळी पुढच्या तासाला हात धरून नेत असते, त्यामुळे खरी त्रुटी सूत्रापेक्षा मोठीच असते.

जुन्या नोंदींच्या पलीकडचा अंदाज देताना तर अधिक जपायला हवे. २००५ चा पूर पाहिलेल्या सांगलीकरांना त्यापेक्षा वर पाणी येईल असे वाटत नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. २००५ पर्यंतच्या आकड्यांवर बसवलेल्या कोणत्याही रेषेजवळ त्या उंचीवरच्या नदीची एकही नोंद नव्हती. तिथे पाणी किती रुंद पसरते, कुठल्या रस्त्याने शहरात शिरते, खालचा फुगवटा किती असतो, यांतले काहीही त्या आकड्यांत नव्हते. २०२१ मध्ये पुन्हा मोठा पूर आला आणि आता निदान वरच्या फुटांतल्या काही नोंदी झाल्या आहेत; त्या जपून ठेवल्या गेल्या पाहिजेत.

यासाठी आपल्याकडे माझी विनंती आहे. पूरकाळात आपण पुलांजवळच्या पातळ्या बातमीच्या ओघात देता; त्याऐवजी, किंवा त्यासोबत, त्या एका ठरावीक तक्त्यात द्याव्यात. कराड, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन असा क्रम, प्रत्येक नोंदीची तारीख आणि नेमकी वेळ, आणि फूट व इंच वेगळ्या रकान्यांत, अशी मांडणी असली तर कोणत्याही शाळेतला दहावीचा विद्यार्थी तो तक्ता उतरवून घेऊन वर सांगितलेला हिशेब करू शकेल. ‘सायंकाळी’ किंवा ‘रात्री उशिरा’ अशा वेळा बातमीत चालतात, तक्त्यात चालत नाहीत. वारणेची आणि पंचगंगेची एकेक पातळी त्याच तक्त्यात आली तर फुगवट्याचाही अंदाज वाचकांना येईल. विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये वेगळे द्यावेत, पण विसर्ग आणि पातळी यांचे नाते सरळ रेषेचे नसल्यामुळे कुणी ते थेट ‘फोरकास्ट’मध्ये घालू नयेत.

दुसरी विनंती अशी की एखाद्या व्यक्तीने किंवा मंडळाने काढलेला पातळीचा अंदाज आपण छापणार असाल, तर तो कोणत्या नोंदींवरून काढला, शेवटची नोंद किती वाजताची होती, अंदाज त्यापुढे किती तासांचा आहे आणि कमीत कमी व जास्तीत जास्त पातळी कोणती, एवढे त्याच्याकडून घेतल्याशिवाय छापू नये. वेळेच्या रकान्यावरून ओढलेला अंदाज तर सहा तासांपलीकडचा असेल तेव्हा छापूच नये, असे मी सुचवीन. सहा हा आकडा माझ्या तारतम्याचा आहे, सूत्रातून आलेला नाही. जलसंपदा विभागातल्या अनुभवी अभियंत्यांना तो चार करावासा वाटला तर माझी हरकत नाही. प्रशासनाने स्थलांतराची सूचना दिली असेल त्या दिवशी मात्र घरगुती अंदाज, तो कितीही काळजीपूर्वक काढलेला असो, तिच्या शेजारी छापला जाऊ नये.

आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतल्या संख्याशास्त्र विभागांनीही यात लक्ष घालण्यासारखे आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना रेषीय समाश्रयण, म्हणजे नोंदींमधून सरळ रेषा बसवण्याची हीच रीत, शिकवताना पाठ्यपुस्तकातली खत आणि उत्पन्नाची उदाहरणे देण्याऐवजी २०१९ आणि २०२१ च्या पुलावरच्या नोंदी द्याव्यात, भिलवडी आणि आयर्विन यांच्यातले तासांचे अंतर त्यांच्याकडून काढून घ्यावे, चढती-उतरतीच्या दोन रेषा बसवून घ्याव्यात आणि तफावतींचा रकाना काढल्याशिवाय गुण देऊ नयेत. या नोंदी संबंधित कार्यालयांकडे रीतसर अर्ज करून मागता येतात. आपल्या दैनिकाच्या जुन्या अंकांतही त्यांपैकी बऱ्याच सापडतील. त्या अंकांतल्या पातळ्या एकत्र करून पावसाळ्याच्या तोंडावर वाचकांना उपलब्ध करून दिल्यास या कामाला जूनच्या आतच सुरुवात करता येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
विश्रामबाग, सांगली